दिवे घाटावरचा कातरणीचा दिवस: लोकर पाहावी, दरही विचारावा

पुण्यात हस्तकलेच्या नावाने भरणाऱ्या बहुतेक प्रदर्शनांत वस्तू तयार होऊन टेबलावर मांडलेली असते आणि ती ज्या जनावराच्या अंगावरून किंवा ज्या रानातून आली, त्याचा मागमूसही तेथे नसतो. दिवे घाट चढून सासवडकडे जाताना लागणाऱ्या माळावर, बाजरी निघालेल्या एका मोकळ्या रानात, दिवाळीच्या आधीच्या रविवारी भरलेला मेंढ्यांच्या कातरणीचा दिवस या बाबतीत वेगळा होता. तेथे मेंढी होती, कातर होती, टकळी होती, खड्डामाग होता आणि शेवटी विकायला ठेवलेली घोंगडीही होती. म्हणजे लोकरीचा सगळा प्रवास एकाच वावरात पायी फिरून पाहता येत होता. हा दिवस पाहण्यासारखा आहे, असे मी निःसंकोच सांगेन. परंतु ज्यांच्या मेंढ्या कातरल्या गेल्या, त्यांच्या पदरात त्या लोकरीचे काय पडले, हा प्रश्न मला तेथे वारंवार पडत राहिला आणि त्याचे उत्तर अर्धेच समाधानकारक मिळाले.

आयोजनात शहरातील हातविणकामाची आवड असलेल्या मंडळींचा एक गट आणि त्या रानात वाडा (मेंढ्यांसह फिरता मुक्काम) उतरलेली काही धनगर कुटुंबे असे दोघेही होते. प्रवेशशुल्क मोठ्यांना ४०० रुपये आणि लहान मुलांना १५० रुपये होते. जेवणाचे व कार्यशाळेचे पैसे वेगळे. स्वारगेट आणि हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बसने घाटमाथ्यावर उतरून पुढे थोडे चालावे लागते. स्वतःची गाडी असल्यास घाटातली रविवार सकाळची गर्दी गृहीत धरावी. गाड्या उभ्या करण्याची व्यवस्था ठीक होती, स्वच्छतागृहांची मात्र ठीक म्हणावी अशी नव्हती, आणि सावलीसाठी उभारलेला मांडव आलेल्या माणसांच्या निम्म्यालाही पुरणारा नव्हता. याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण पुढच्या वेळी हे सहज सुधारता येईल.

कातरणीसाठी निवडलेला काळ अचूक होता. पावसाळा संपला की मेंढीच्या अंगावरची लोकर चिखलाने, काडीकचऱ्याने आणि कुसळांनी भरलेली असते. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरू लागतात, तेव्हा त्याआधी मेंढरे भादरून हलकी करणे सोयीचे असते. वर्षातून दोनदा होणारे हे काम वाड्यावर कधीच एकट्याने होत नाही. आज याच्या मेंढ्या, उद्या त्याच्या, अशी शेतातल्या सावडीसारखीच ही परस्परांची मदत असते आणि ज्याच्या मेंढ्या असतील, त्याने त्या दिवशी सर्वांना जेवू घालायचे असते. त्यामुळे ‘सामूहिक कातरणी’ ही शहरातल्या आयोजकांची कल्पना नव्हे, जुन्या रीतीला लावलेले ते प्रवेशशुल्क आहे, असे म्हटले तरी चालेल. ही रीत त्यांनी मोडली नाही, मंचावर चढवून तिचा खेळही केला नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कातरणारे आपापल्या गतीने काम करीत होते आणि आपण दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहायचे होते. मध्येच ध्वनिक्षेपकावरून टाळ्या मागणारा कोणी नव्हता.

मेंढ्या आदल्या दिवशी ओढ्यावर धुऊन आणल्या होत्या आणि रात्रभर त्यांना चारा दिलेला नव्हता. हे उपाशी ठेवणे प्रथमदर्शनी क्रूर वाटते आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी तसे बोलूनही दाखविले; पण पोट भरलेल्या मेंढीला कुशीवर वा पाठीवर पाडले तर पोटाचा दाब छातीवर येऊन तिला श्वास घेणे जड जाते, म्हणून जाणते मेंढपाळ सर्वत्र ही काळजी घेतात. सगळे ज्यांना आबा म्हणत होते, त्या पांढऱ्या पटक्याच्या गृहस्थांनी वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, एक काळी मेंढी मागच्या पायाला धरून बाहेर काढली, पोत्यावर कुशीवर निजविली, पाय सैल बांधले आणि पोटाखालून कातर चालवायला सुरुवात केली. डाव्या हाताने कातडे ताणून धरायचे आणि उजव्या हाताची कातर त्याला जवळजवळ टेकवून चालवायची. कातडे सैल राहिले की त्याची घडी पात्यांत येते आणि मेंढी कापली जाते, हे त्यांनी न बोलता, एकदा कातडे सोडून आणि पुन्हा ताणून दाखविले. लोकर सलग न निघता गठ्ठ्यागठ्ठ्याने गळत होती. वरची टोके उन्हाने तांबूस झालेली आणि मुळाशी मात्र गर्द काळी, हा फरक हातात घेतल्यावरच कळतो. मांडीजवळ एक बारीक ओरखडा आला, तेव्हा आबांनी कंबरेच्या पुरचुंडीतून हळद काढून त्यावर दाबली आणि काम पुढे चालू ठेवले. पशुवैद्यक हजर होते, त्यांनीही ती मेंढी नंतर तपासली.

शेजारच्या मांडवात विजेच्या यंत्राने कातरणी दाखविली जात होती. यंत्राचे काम निम्म्याहून कमी वेळात उरकते, परंतु त्याच्या आवाजाने मेंढ्या बिथरत होत्या आणि मुलांची गर्दी तिकडेच अधिक होती. तेथील पडद्यावर न्यूझीलंडच्या बोवेन पद्धतीची चित्रफीत लावली होती, ज्यात कातरणारा मेंढीला दोन पायांत बसवून एकामागून एक लांब फटकारे मारतो आणि अंगावरची सगळी लोकर एका अखंड पांघरुणासारखी उलगडून बाजूला काढतो. ते पाहताना ‘आपल्याकडे असे का होत नाही’, असा सूर उमटणे स्वाभाविक होते. तेथे उत्तर देणारे कोणी नव्हते, म्हणून ते येथे देतो. दाट, मऊ आणि भरपूर मेण (लोकरीतला नैसर्गिक तेलकट अंश) असलेल्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर विरळ, राठ आणि केसाळ असते, त्यामुळे ती कोणीही कातरली तरी तुकड्यांतच पडणार. यात कातरणाऱ्याचे कौशल्य कमी पडत नाही.

दख्खनी मेंढीविषयीचा विभाग या दिवसातला सर्वांत भरीव भाग होता. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे प्रकार. त्यांपैकी लोणंद आणि संगमनेरी प्रकारांच्या जिवंत मेंढ्या स्वतंत्र वाघरींत ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे टोपलीत तिचीच मूठभर लोकर होती. मेरिनो या मऊ लोकरीच्या विदेशी मेंढीच्या लोकरीचा एक तंतू साधारण २० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. हा आकडा फलकावर वाचून विसरला जातो, परंतु तेथे दोन्ही लोकरी गालाला लावून पाहायची सोय होती आणि ती युक्ती मला फार आवडली. मेरिनो गालाला लागल्याचे कळतच नाही, दख्खनी टोचते. ज्यांना स्वेटर विणायचा आहे त्यांच्यासाठी तेथेच निर्णय होऊन जातो, आणि ज्यांना ज्वारीच्या रानात रात्रभर उघड्यावर निजायचे आहे त्यांच्यासाठीही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही स्पर्शाला ओली लागत नाही. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन भर पावसात मेंढ्यांमागे चालणाऱ्या माणसाला हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नसते.

मग ही मेंढी कमी का होत चालली आहे? या प्रश्नाला फलकांनी सरळ हात घातला, याचे मला कौतुक वाटले. मेंढपाळाचे उत्पन्न मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांतून येते, लोकरीतून नव्हे; त्यामुळे जत तालुक्यातील माडग्याळसारखी उंच, फुगीर बाकदार (रोमन) नाकाची, झपाट्याने वाढणारी मेंढी कळपात आणली की कोकराला भाव चांगला मिळतो, पण तिच्या संकरातून येणाऱ्या पिढीच्या अंगावर लोकर नावापुरतीच राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. सुंदरबनातील गारोळ या लहानखुऱ्या मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक त्यांनी दख्खनीत आणले आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. दख्खनीचे रक्त राखून मेंढीमागे कोकरे वाढविण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्याच गोखलेनगरात राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय आहे, तो परिसर आजही मेंढी फार्म म्हणून ओळखला जातो, आणि तरीही पुण्यातल्या कित्येकांनी दख्खनी मेंढी जवळून पाहिली ती फक्त वारीतल्या काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाच्या छायाचित्रात. त्या मंडळींना या एका विभागासाठी घाट चढायला लावावे, असे मला वाटते.

लोकर पिंजणे, कातणे आणि विणणे यांची प्रात्यक्षिके एका ओळीत होती. पिंजणाऱ्याच्या धनुकलीच्या तातेवर लोकर पडली की तिच्यातली माती आणि कुसळे खाली झडतात आणि लोकर फुगून वर येते. पण सगळी कुसळे काही जात नाहीत, ती पुढे कातणाऱ्या बाईच्या बोटांनाच वेचावी लागतात. टकळीवर कातणाऱ्या आजींनी माझ्या हातात पेळू (पिंजलेल्या लोकरीची वळी) देऊन ‘लई ओढू नगंस, तिला तिचं येऊ दे’ एवढेच सांगितले. धागा तुटत राहिला आणि त्या जोडत राहिल्या. त्यांच्या बोलण्याचा किंवा टकळीचा वेग त्यामुळे जराही मंदावला नाही.

सनगर समाजातील एका विणकरांचे काम मात्र मी सर्वांत जास्त वेळ पाहत राहिलो. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत उघड्यावर खुंट्यांना बांधून लांबवर ताणलेले होते आणि त्यावर चिंचोक्याची खळ चढविणे चालले होते. भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ गार झाल्यावर करड्या पेजेसारखी दिसते. मोठा कुंचा तिच्यात बुडवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात, नंतर कोरड्या कुंच्याने तेच अंतर परत येत आणि प्रत्येक फेरीत धाग्यावरचे उभे राहिलेले केस एका दिशेला बसत जात. हे का करायचे, तर राठ लोकरीचा धागा मागावर एकमेकांत अडकतो आणि तुटतो. खळीने तो गुळगुळीत आणि ताठ होतो. नव्या घोंगडीला जो आंबूस वास आणि कडकपणा असतो, तो या खळीचा. दुकानात घोंगडी हाताळून ‘ही किती कडक आहे’ म्हणत परत ठेवणाऱ्या ग्राहकांनी हे एकदा पाहायला हवे, कारण वापराने ती मऊ होते आणि तो कडकपणा खऱ्या हातमागाची खूणही असते. रंगाची तर बाबच वेगळी: काळ्या लोकरीला रंग चढत नाही आणि चढवायची गरजही नसते. काळी, करडी, तपकिरी आणि मळकट पांढरी एवढ्या चार छटांत सगळी घोंगडी उभी राहते आणि काठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या तिला पुरतात.

मुलांसाठीची कार्यशाळा बुरणुसाच्या पद्धतीने लोकर थापून लहान आसन तयार करण्याची होती. शुल्क २५० रुपये. गरम पाणी आणि साबण मिळाला की लोकरीच्या तंतूवरचे खवले उघडतात आणि रगडल्यावर एकमेकांत कायमचे गुंततात, माग किंवा सुई काहीही न लागता कापड तयार होते. शिकवणाऱ्या दोघी उत्तम होत्या. फक्त त्या दिवशी कातरलेली काळी लोकर शेजारी पडलेली असताना कार्यशाळेत बाहेरून आणलेली रंगीत मेरिनोच वापरली गेली. ‘दख्खनी लवकर जमत नाही, मुले कंटाळतात’ हे त्यामागचे कारण मला सांगण्यात आले. कारण खोटे नाही. परंतु निदान आसनाचा खालचा थर तरी दख्खनीचा ठेवता आला असता.

हीच उणीव विक्रीच्या मांडवात अधिक ठळकपणे जाणवली. एकूण दुकानांपैकी निम्म्यांतच दख्खनी लोकरीच्या वस्तू होत्या. बाकी ठिकाणी शाली, टोप्या आणि ‘शुद्ध लोकर’ अशी चिठ्ठी लावलेली काही पांघरुणे होती, ज्यांचा स्पर्श मला पुनर्वापर केलेल्या मिलच्या धाग्याचा वाटला. मी एका विक्रेत्याची परवानगी घेऊन सुटलेला एक धागा काडीने पेटवून पाहिला. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरलेली काजळी बोटांनी चुरडली जाते. येथे धागा वितळून टोकाला कडक मणी तयार झाला. विक्रेत्याने ‘थोडे मिश्रण असेल’ असे म्हणून विषय संपविला. वारशाच्या नावाने शुल्क घेणाऱ्या आयोजकांनी दुकान देण्याआधी ही साधी परीक्षा स्वतः करायला काय हरकत होती? दुसरी तक्रार औषधी गुणांची. घोंगडीवर झोपल्याने संधिवातापासून मणक्याच्या विकारांपर्यंत सर्व काही बरे होते, असे सांगणारे फलक दोन ठिकाणी होते. ऊब मिळाल्याने दुखऱ्या सांध्याला आराम वाटतो, हे कोणीही मान्य करील. त्यापलीकडचे दावे घोंगडीला मोठे करीत नाहीत, विकणाऱ्याला मात्र लहान करतात.

अस्सल घोंगड्यांच्या किमती २२०० ते ४५०० रुपयांपर्यंत होत्या आणि कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, म्हणजे जावळाच्या घोंगडीला त्याहून अधिक. या किमती महाग म्हणणाऱ्यांनी त्याच रानातल्या तराजूकडे पाहावे. आबांनी कातरलेल्या मेंढीची लोकर तेथे ३०० ग्रॅमच्या जवळपास भरली. माती, कुसळे आणि मेण गेल्यावर उरते त्याहून कमी. म्हणजे अडीच किलोच्या एका घोंगडीमागे आठ-दहा मेंढ्यांची कातरणी आणि मग पिंजणे, कातणे, खळ व विणणे यांची मजुरी आली.

आणि आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. कातरणी संपल्यावर लोकरीचे काय होणार, असे मी आबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “न्यायला कोण येतंय आता? कातरायचं पैसं आपल्याच अंगावर पडत्यात.” अनेक वाड्यांवर कातरलेली लोकर बांधावर टाकून दिली जाते, हे खरे आहे, तिला मिळणारा दर कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. आयोजकांनी त्या दिवसाची सगळी लोकर वाड्याकडून विकत घेतली, ही गोष्ट चांगली झाली आणि ती मी आयोजक व वाड्यावरची मंडळी अशा दोघांकडून विचारून घेतली आहे. मात्र दर काय दिला, याचा फलक कोठेही नव्हता, आणि विचारल्यावर ‘बाजारभावापेक्षा बराच जास्त’ यापुढे उत्तर गेले नाही. ज्या मालाला बाजारच उरलेला नाही, त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त म्हणजे किती, हे ग्राहकाला कळायला हवे. प्रवेशशुल्कातला किती वाटा वाड्याला जातो, हेही प्रवेशद्वारावर लिहिता आले असते. धनगरांच्या चराईचा प्रश्न, वनखात्याशी होणारे वाद आणि लोकरीच्या खरेदीची व्यवस्था ही सरकारदरबारी वर्षानुवर्षे भिजत पडलेली घोंगडी आहेत, ती एका रविवारी वाळणार नाहीत. पण स्वतःच्या हातातला हिशेब उघडा ठेवायला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

जेवण चांगले होते. बाजरीची भाकरी, झुणका, ठेचा आणि कांदा असे १५० रुपयांचे ताट होते, आणि २५० रुपयांत धनगरी पद्धतीचे मटण. मेंढ्यांचा उत्सव करायचा आणि तेथेच मटण वाढायचे, हे काही पाहुण्यांना खटकले व त्यांनी अभिप्रायाच्या वहीत तसे लिहिलेही. मला ते मटण असणेच प्रामाणिक वाटले, कारण कोकरू विकले जाते म्हणूनच आई मेंढी कळपात टिकते आणि ती टिकते म्हणून लोकर. ते झाकून केवळ घोंगडीचे गुणगान करणे म्हणजे पाहुण्यांची समजूत काढणे झाले असते. पुरंदरचा भाग असल्यामुळे सीताफळांची एक पाटी जेवणानंतर हमखास रिकामी होत होती. दुपारी सुंबरान मांडून, म्हणजे देवाचे स्मरण करून, धनगरी ओव्या झाल्या आणि ढोल-कैताळांवर धनगरांचे गजी नृत्यही. ध्वनिक्षेपक मोठा लावल्याने ओव्यांचे शब्द मात्र कळेनात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गायराने आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केले आहे, तेव्हा असे दिवस आपल्या भागात आणखी भरतील अशी अपेक्षा आहे. जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत पोहोचावे, कारण ऊन चढल्यावर कातरणी थांबवतात आणि अकरानंतर येणाऱ्यांना ती पाहायला मिळत नाही. पायांत बूट असावेत, कुत्रा बरोबर नेऊ नये, मुलांना वाघरीच्या आत सोडू नये. घोंगडी घ्यायची असल्यास ती मागाजवळ बसलेल्या विणकराकडूनच घ्यावी, लोकर कोणत्या वाड्यावरची आहे हे विचारावे आणि घरी आल्यावर खळीचा वास जाण्यासाठी काही दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवावी. गरम पाणी आणि धुण्याचे यंत्र तिला कधीही दाखवू नये.